धातूंतील परिवलन-प्रवाह : दोन दीर्घ प्रतीक्षांचा इतिहास

१. प्रास्ताविक

भौतिकीतील शोधांचा इतिहास सांगताना बहुधा एक सोयीस्कर क्रम गृहीत धरला जातो. प्रथम एखादे निरीक्षण हाती येते, त्यावरून उपपत्ती मांडली जाते, ती प्रयोगाच्या कसोटीस उतरते आणि यथावकाश तिचा व्यवहारात उपयोग होतो. पाठ्यपुस्तकाच्या मांडणीस हा क्रम उपकारक असला, तरी प्रत्यक्ष इतिहास त्यास दरवेळी साक्ष देतोच असे नाही. चुंबकीय धातूंतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा अभ्यास हे ह्याचे एक ठळक उदाहरण होय. ह्या क्षेत्रात एक परिणाम १८८१ पासून मोजला जात होता. पण त्याची समाधानकारक मीमांसा होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. उलटपक्षी, एक उपपत्ती १९३६ मध्येच तिच्या मुख्य स्वरूपात मांडली गेली होती. पण तिच्यातून निघणारा सर्वांत ठळक परिणाम १९८८ पर्यंत कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. एका ठिकाणी मापन उपपत्तीची वाट पाहत राहिले, तर दुसऱ्या ठिकाणी उपपत्ती मापनाची.

ह्या दोन प्रतीक्षा परस्परविरुद्ध दिसतात. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच अडचण होती. इलेक्ट्रॉनाच्या अंगी विद्युत्भार असतो, तसेच परिवलनही असते. ‘स्पिन’ ही संज्ञा आता सर्वपरिचित आहे. प्रयोगशाळेतील विद्युत्मापक मात्र केवळ भार मोजतो. परिवलनाकडे तो सर्वस्वी आंधळा असतो. परिवलनाचे कार्य भाराच्या पडद्याआडून अनुमानानेच जाणावे लागे, आणि अनुमानास नेहमीच एकाहून अधिक वाटा असतात.

२. सोन्याचा वर्ख आणि लोखंड

ह्या अभ्यासाचा आरंभ विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन ह्या नावाने विख्यात झालेले शास्त्रज्ञ, ह्यांच्या प्रयोगांपासून धरला जातो. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे दाखविले की, लोखंड चुंबकित केले असता चुंबकनाच्या दिशेने त्याचा विद्युत्‌रोध किंचित वाढतो आणि त्या दिशेशी काटकोनात तो किंचित घटतो. निकेलमध्येही त्यांस असाच परिणाम आढळला. फरक अल्प होता, आणि तो का पडावा हे सांगण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. विद्युत्प्रवाह म्हणजे नेमके कशाचे वहन, हेच अद्याप ठरावयाचे होते.

दुसरा टप्पा बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील आहे. मॅक्सवेल ह्यांच्या १८७३ च्या ग्रंथात असे प्रतिपादन होते की, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकावर जी यांत्रिक प्रेरणा कार्य करते ती वाहकावर कार्य करते, त्यातील प्रवाहावर नव्हे. एडविन हॉल ह्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास हे विधान पटले नाही. प्रवाह जर क्षेत्रामुळे एका बाजूस ढकलला जात असेल, तर वाहकाच्या दोन्ही कडांमध्ये विद्युत्‌दाबाचा फरक आढळला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. जाड धातूवरील प्रयत्न निष्फळ ठरले. मग हेन्री रोलंड ह्या त्यांच्या गुरूंच्या सूचनेवरून काचेवर चिकटविलेला सोन्याचा वर्ख वापरण्यात आला, आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये अपेक्षित फरक स्पष्टपणे मिळाला. ह्या परिणामाने उत्पन्न होणारा विद्युत्‌दाब वाहकाच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून जाड पट्टीत जे हरवले ते वर्खात सापडले. नमुन्याच्या पातळपणाचे हे महत्त्व पुढील शंभर वर्षांच्या इतिहासात पुन्हा प्रत्ययास येते.

हॉल ह्यांनी लागलीच इतर धातू तपासले. लोखंडात परिणाम अचुंबकीय धातूंच्या सुमारे दहापट मोठा निघाला, आणि त्याची दिशा सोन्यातील परिणामाच्या उलट होती. निकेल आणि कोबाल्ट ह्यांवरील त्यांचा निबंध १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९३ मध्ये ऑगस्ट कुंट ह्यांनी ह्या धातूंतील हॉल-दाब बाह्य क्षेत्राच्या नव्हे, तर धातूच्या चुंबकनाच्या प्रमाणात असल्याचे दाखविले. १९३० च्या सुमारास एमर्सन प्यू ह्यांनी ह्या माहितीस सूत्राचे रूप दिले. त्या सूत्रानुसार हॉल-दाबाचे दोन भाग पडतात : एक क्षेत्राशी निगडित, जो सर्व धातूंत असतो, आणि दुसरा चुंबकनाशी निगडित, जो लोहचुंबकीय धातूंपुरताच असतो. दुसऱ्या भागास ‘असाधारण हॉल परिणाम’ असे नाव रूढ झाले. पहिल्या भागाची मीमांसा गतिमान भारावरील प्रेरणेने सहज होत असे. दुसऱ्याचे परिमाण मात्र तसल्या प्रेरणेने समजण्याच्या पलीकडचे होते. त्यास नाव मिळाले होते, सूत्र मिळाले होते. कारण मिळाले नव्हते.

३. मॉट ह्यांचे दोन प्रवाह

दरम्यान १९२५ मध्ये यूलेनबेक आणि गाउडस्मिट ह्यांनी इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची कल्पना मांडली, आणि पुंजयामिकीच्या आधारे धातूंचा विचार नव्याने सुरू झाला. निकेलच्या रोधाविषयी एक कोडे त्या वेळी उभे होते. सुमारे ३५५ अंश सेल्सिअस ह्या तापमानाखाली निकेल लोहचुंबकीय होते, आणि त्या बिंदूखाली त्याचा रोध सामान्य धातूच्या मानाने अधिक वेगाने घटतो. चुंबकत्व आणि रोध ह्यांचा हा संबंध कशामुळे असावा?

ब्रिस्टल येथील प्राध्यापक नेव्हिल मॉट ह्यांनी १९३६ मध्ये ह्याचे जे उत्तर दिले, ते विषयाच्या सर्व पुढील इतिहासाचा पाया ठरले. त्यांच्या मते निकेलमध्ये विद्युत्प्रवाह मुख्यतः हलक्या ‘एस’ इलेक्ट्रॉनांकडून वाहिला जातो. हे इलेक्ट्रॉन ‘डी’ पट्ट्यातील रिकाम्या जागांत प्रकीर्णित होतात, आणि म्हणून संक्रमणी धातूंचा रोध मोठा असतो. परंतु निकेल पूर्णपणे चुंबकित असता ‘डी’ पट्ट्यातील सर्व रिकाम्या जागा एकाच परिवलन-दिशेच्या असतात. टक्कर होताना परिवलन सहसा पालटत नाही. तेव्हा अर्ध्या इलेक्ट्रॉनांना ह्या जागांचा मार्ग बंद होतो, ते जवळजवळ निर्वेध वाहतात, आणि समग्र रोध कमी होतो.

ह्या विवेचनातील गाभा असा की, चुंबकीय धातूतील प्रवाह हा एक प्रवाह नसून एकमेकांत न मिसळणारे दोन समांतर प्रवाह असतात, आणि त्या दोहोंचे रोध भिन्न असतात. एका नदीच्या पात्रात मध्ये भिंत घालून दोन ओघ करावेत, एकाच्या तळाशी वाळू आणि दुसऱ्याच्या तळाशी खडक असावेत, तसा हा प्रकार होय. दोहोंतून वाहणाऱ्या भाराची बेरीजच तेवढी विद्युत्मापकास कळते. ती बेरीज कशी घडली हे त्यास कळत नाही. म्हणून मॉट ह्यांची कल्पना निकेलच्या रोधाचे स्पष्टीकरण म्हणून मान्य झाली. परंतु हे दोन ओघ एकमेकांपासून वेगळे करून दाखविता येतील, किंवा त्यांपैकी एक बंद करता येईल, असे तीस वर्षे कोणी करून दाखविले नाही.

४. असाधारण हॉल परिणामाचा वाद

लोखंडाच्या कोड्याचे पहिले पुंजयामिक उत्तर १९५४ मध्ये रॉबर्ट कार्प्लस आणि जोक्विन लटिंजर ह्यांनी दिले. परिवलन आणि इलेक्ट्रॉनाची कक्षीय गती ह्यांच्यातील युतीमुळे, स्फटिकातील इलेक्ट्रॉनास विद्युत् क्षेत्राच्या काटकोनात एक अधिक वेग प्राप्त होतो, असे त्यांनी दाखविले. हा वेग टकरींवर अवलंबून नसून स्फटिकाच्या ऊर्जापट्टांच्या घडणीतूनच उद्भवतो. अर्थात् लोखंड सर्वथा शुद्ध असले, तरी परिणाम उरला पाहिजे. त्यांच्या गणितानुसार असाधारण हॉल-गुणांक रोधाच्या वर्गाच्या प्रमाणात असावयास हवा होता.

आइन्डहोव्हन येथील फिलिप्स प्रयोगशाळेतील स्मिट ह्यांनी १९५५ आणि १९५८ मधील लेखांतून ह्या निष्कर्षावर कठोर आक्षेप घेतला. नियतकालिक स्फटिकातील स्थिर प्रवाहात असा परिणाम शून्यवत् झाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते खरे कारण अशुद्धींवरील तिरकस प्रकीर्णन हे होय : एका परिवलन-दिशेचे इलेक्ट्रॉन टकरीनंतर डावीकडे, तर दुसऱ्या दिशेचे उजवीकडे अधिक प्रमाणात वळतात. ह्या मार्गाने गुणांक रोधाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात येतो. पुढे १९७० मध्ये ल्यूक बर्जर ह्यांनी तिसरे कारण सुचविले. टकरीच्या वेळी इलेक्ट्रॉनाचा मार्ग किंचित् बाजूस सरकतो, आणि ह्या सरकण्याने पुन्हा रोधाच्या वर्गाचेच प्रमाण मिळते.

येथे मापनाची मर्यादा स्पष्ट झाली. तीन कारणांपैकी दोन कारणांचा निर्वाळा एकाच सूत्रात येत होता. आणि प्रत्यक्ष नमुन्यात तिन्ही कारणे एकाच विद्युत्‌दाबाच्या अंकात मिसळलेली असत. प्रयोगाने निवाडा देता येईना. अशा परिस्थितीत विद्वानांचा कल स्वाभाविकपणे टकरींकडे झुकला. कारण रोध टकरींतून उत्पन्न होतो, तेव्हा रोधाच्या सोबत येणारा हा परिणामही तेथूनच येत असावा, ही कल्पना मनास सुलभ वाटे. कार्प्लस आणि लटिंजर ह्यांचा विचार चुकीचा ठरला नाही, पण तो बाजूस पडला.

त्याचे पुनरुज्जीवन अनपेक्षित दिशेने झाले. १९८४ मध्ये मायकेल बेरी ह्यांनी असे दाखविले की, पुंजयामिक अवस्था एखाद्या बंद मार्गाने सावकाश फिरवून आणली असता तिला एक भूमितीय कला प्राप्त होते. शतकाच्या अखेरीस हीच भूमिती ऊर्जापट्टांतील इलेक्ट्रॉनांच्या गतीस लावण्यात आली, आणि २००२ च्या सुमारास यंगविर्थ, न्यू आणि मॅकडोनाल्ड, तसेच ओनोदा आणि नागाओसा ह्यांच्या लेखांनी असाधारण हॉल परिणामाचा तिच्याशी असलेला संबंध स्पष्ट केला. १९५४ मधील तो ‘अधिक वेग’ म्हणजे ह्या भूमितीय वक्रतेचाच आविष्कार होता. २००४ मध्ये लोखंडासाठी प्रसिद्ध झालेल्या गणनेत केवळ ह्या एका कारणाने प्रायोगिक मूल्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतका परिणाम मिळाला. स्मिट ह्यांचे तिरकस प्रकीर्णनही त्याज्य ठरले नाही. अत्यंत शुद्ध आणि अल्परोधी धातूंत तेच प्रभावी असते. मध्यम वाहकतेच्या नमुन्यांत स्फटिकाची आपली भूमिती वरचढ ठरते. हा निवाडा ऐकण्यास मूळ लेखकांपैकी कोणीही हयात नव्हते. कार्प्लस १९९० मध्ये आणि लटिंजर १९९७ मध्ये निवर्तले होते. कार्प्लस ह्यांनी तर १९६० नंतर आपले बरेचसे आयुष्य शालेय विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेस वाहिले होते.

५. अशुद्धींकडून थरांकडे

मॉट ह्यांच्या दोन प्रवाहांची कथा ह्याहून वेगळी आहे. तिचा दुसरा अध्याय पॅरिसजवळील ऑर्से येथे, १९६० नंतरच्या दशकात घडला. इयन कॅम्पबेल आणि आल्बेर फेर ह्यांनी निकेलमध्ये निरनिराळ्या धातूंची अल्प भेसळ करून तिच्या रोधाचे पद्धतशीर मापन केले. निकेलमधील दोन-प्रवाही वहनावरील त्यांचा लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही अशुद्धी एका परिवलन-दिशेच्या इलेक्ट्रॉनांना अधिक अडवितात, तर काही दुसऱ्या दिशेच्या, असे त्यांस आढळले. मग निकेलमध्ये एकाच वेळी दोन अशुद्धी मिसळल्यास काय होईल? कोबाल्ट आणि ऱ्होडियम ह्यांसारखी विरुद्ध स्वभावाची जोडी घातल्यास एक अशुद्धी एक ओघ अडविते आणि दुसरी दुसरा. निर्वेध असा ओघच उरत नाही, आणि रोध दोहोंच्या बेरजेहून कितीतरी अधिक होतो. उलट सोने आणि कोबाल्ट ह्यांसारखी समान स्वभावाची जोडी घातल्यास एक ओघ मोकळाच राहतो, आणि रोधात अशी वाढ होत नाही.

ह्यानंतरची पायरी तर्काने अगदी जवळची होती. दोन अशुद्धींच्या जागी लोहचुंबकीय धातूचे दोन थर कल्पावेत. त्यांचे चुंबकन समांतर असेल, तर एक ओघ दोन्ही थरांतून सुखाने जाईल. विरुद्ध असेल, तर प्रत्येक ओघ एका ना एका थरात अडेल. चुंबकनाची दिशा बाह्य क्षेत्राने पालटता येते. म्हणजे जे मिश्रधातूत एकदाच ठरून जाते, ते थरांच्या रचनेत हवे तेव्हा पालटता येईल. फेर ह्यांस हा विचार सुचला होता. परंतु त्यासाठी थरांची जाडी इलेक्ट्रॉनाच्या दोन टकरींमधील सरासरी अंतरापेक्षा लहान, म्हणजे काही थोड्या नॅनोमीटरांची हवी होती. असे थर निर्दोषपणे एकावर एक चढविण्याची कला त्या काळी अस्तित्वात नव्हती. उपपत्ती हातात घेऊन वीस वर्षे थांबावे लागले, ते ह्या कलेसाठी.

अत्युच्च निर्वात पोकळीत अणूंच्या शलाकेने पटले वाढविण्याचे तंत्र अर्धवाहकांसाठी विकसित झाले, आणि तेथून ते धातूंकडे आले. १९८६ मध्ये जर्मनीतील युलिश येथे पेटर ग्रुनबर्ग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी असे दाखविले की, क्रोमियमच्या पातळ थराने विभागलेल्या लोखंडाच्या दोन थरांचे चुंबकन आपोआप विरुद्ध दिशांस राहते. हवी होती ती रचना निसर्गानेच पुरविली. १९८८ मध्ये ऑर्से येथील गटाने लोखंड आणि क्रोमियम ह्यांच्या अनेक आवर्ती थरांची पटले तपासली. क्रोमियमचा थर ०.९ नॅनोमीटर जाडीचा असता, ४.२ केल्व्हिन तापमानास आणि सुमारे २ टेस्ला क्षेत्रात, पटलाचा रोध जवळजवळ निम्मा झाला. युलिश येथील गटाने स्वतंत्रपणे, लोखंडाचे दोनच थर वापरून, सामान्य तापमानास १.५ टक्के फरक मोजला. त्यांचे हस्तलिखित संपादकांकडे आधी पोहोचले होते. ऑर्सेच्या गटाचा लेख आधी छापला गेला. दोघांस २००७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, हे न्याय्यच होते. परिणामास ‘महाकाय चुंबकीय रोध’ हे नाव पडले.

व्यवहारातील उपयोग आता विलक्षण वेगाने आला. आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टुअर्ट पार्किन ह्यांनी अधिक स्वस्त आणि जलद अशा पटल-निर्मितीच्या पद्धतीनेही हा परिणाम मिळतो असे दाखविले, आणि १९९७ मध्ये ह्या तत्त्वावरील वाचक-शीर्ष असलेल्या संगणक-तबकड्या बाजारात आल्या. उपपत्तीपासून शोधापर्यंत ५२ वर्षे, आणि शोधापासून बाजारापर्यंत ९ : हे प्रमाण विचार करावयास लावणारे आहे.

६. भारावाचून प्रवाह

दोन्ही कथा जेथे मिळतात, तो प्रश्न असा : विद्युत्भाराचे मुळीच वहन न होता केवळ परिवलनाचे वहन होऊ शकेल काय? एका दिशेचे परिवलन असलेले जितके इलेक्ट्रॉन उजवीकडे जातील, तितकेच विरुद्ध परिवलनाचे इलेक्ट्रॉन डावीकडे गेले, तर भाराची बेरीज शून्य होते. परिवलनाची मात्र होत नाही. लेनिनग्राड येथील मिखाइल द्याकोनोव्ह आणि व्लादिमिर पेरेल ह्यांनी १९७१ मध्ये असे भाकीत केले की, अचुंबकीय वाहकातून साधा प्रवाह सोडला असताही त्याच्या काटकोनात असा परिवलन-प्रवाह उत्पन्न होईल. त्यांच्या विचाराचा आधार पुन्हा मॉट ह्यांचेच एक कार्य होते, १९२९ मधील इलेक्ट्रॉनांच्या असममित प्रकीर्णनाचे.

ह्या दृष्टीने १८८१ च्या लोखंडाकडे पाहिले असता त्याचा अर्थ उलगडतो. दोन्ही परिवलन-दिशांचे इलेक्ट्रॉन विरुद्ध कडांकडे वळण्याची क्रिया सर्व धातूंत घडत असते. प्लॅटिनममध्ये दोन्ही दिशांची संख्या समान असल्यामुळे कडांवर भार साठत नाही, आणि विद्युत्मापक शून्य दाखवितो. लोखंडात ती संख्या असमान असल्यामुळे वजाबाकी उरते. हॉल ह्यांनी मोजली ती ही वजाबाकी होय. तिच्यामागील समग्र व्यापार नजरेआड राहिला.

तो उघड करण्यात अडचण अशी की, भाराप्रमाणे परिवलन अक्षय नसते. काही टकरींनंतर इलेक्ट्रॉन आपली दिशा विसरतो. ही स्मृती सामान्य तापमानास तांब्यात काही शे नॅनोमीटर टिकते, तर प्लॅटिनममध्ये अवघे काही नॅनोमीटर. मार्क जॉन्सन आणि रॉबर्ट सिल्सबी ह्यांनी १९८५ मध्ये कॉर्नेल येथे लोहचुंबकातून ॲल्युमिनिअममध्ये परिवलन शिरविले आणि दुसऱ्या लोहचुंबकाने ते ओळखले. पण त्यांस मिळालेला संकेत पिकोव्होल्टच्या पातळीवरचा होता. द्याकोनोव्ह आणि पेरेल ह्यांचे भाकीत तर इतके विस्मृतीत गेले की, १९९९ मध्ये होर्गे हिर्श ह्यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडून तिला ‘परिवलन-हॉल परिणाम’ हे नाव दिले. २००४ मध्ये सांता बार्बरा येथे अर्धवाहकात कडांवर साठलेले परिवलन प्रकाशाच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहण्यात आले. धातूंत २००६ मध्ये व्हॅलेन्झुएला आणि टिंकम ह्यांनी ॲल्युमिनिअममध्ये, आणि साइतो व सहकाऱ्यांनी प्लॅटिनममध्ये, उलट क्रिया मोजली : परिवलन-प्रवाह शिरविला असता काटकोनात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. प्लॅटिनमचा काही नॅनोमीटर जाडीचा थर हाच आता परिवलनाचा मापक झाला. २०१२ मध्ये टँटलममधून उत्पन्न केलेल्या परिवलन-प्रवाहाने शेजारच्या चुंबकाची दिशा पालटून दाखविण्यात आली, आणि ह्या विषयाचा स्मृतिकोशांच्या तंत्रविद्येशी घनिष्ठ संबंध जडला.

७. निष्कर्ष

वरील इतिहासात अपयश असे कोणाचेच दिसत नाही. तरीही त्यात दीर्घ काळ वाया गेल्यासारखे वाटते. ह्याचे कारण शोधताना व्यक्तींच्या दूरदृष्टीचा अभाव पुढे करणे न्याय्य होणार नाही. मॉट ह्यांची उपपत्ती अपुरी नव्हती. तिला योग्य असा नमुना नव्हता. हॉल ह्यांचे मापन सदोष नव्हते. ते वजाबाकीचे होते. कार्प्लस आणि लटिंजर ह्यांची कल्पना खंडित झाली नव्हती; तिला प्रतिस्पर्धी कल्पनांपासून वेगळी करणारी कसोटी उपलब्ध नव्हती. प्रत्येक ठिकाणी उणीव होती ती परिवलनाच्या स्मृतीहून सूक्ष्म अशा पदार्थरचनेची, किंवा भाराखेरीज अन्य काही पाहू शकणाऱ्या दृष्टीची.

एखादी कल्पना तिच्या काळात निष्फळ ठरली, एवढ्यावरून ती चुकीची होती असा निर्णय देण्याची घाई इतिहासकाराने करू नये, आणि संशोधकानेही करू नये. जुन्या निबंधांतील अनिर्णीत वाद पुन्हा वाचण्यास जे परिश्रम पडतात ते केवळ पूर्वसूरींच्या आदरापोटी करावयाचे नसतात. नवा नमुना किंवा नवे मापक हाती आले असता कोणता जुना प्रश्न पुन्हा विचारण्याजोगा झाला आहे, हे त्याच वाचनातून कळते. सोन्याच्या वर्खापासून प्लॅटिनमच्या थरापर्यंतचा हा प्रवास सुमारे सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यातील निर्णायक पाऊल दरवेळी अधिक पातळ, अधिक शुद्ध असा एखादा तुकडा घडविणाऱ्या हातांनी टाकलेले आहे.